तारांना हौस म्हणणाऱ्यांना

“दातांना तारा लावणं हे मुंबई-पुण्याचं खूळ. आपल्याकडे पोरांना दोन वेळचं नीट मिळालं तरी पुष्कळ.” कर्जत-खालापूर भागात हे बोलणं इतक्यांच्या तोंडी असतं की त्यावर उलट प्रश्न कुणी करतच नाही. पालकसभेत वडील हेच म्हणतात. वाड्यांवर आरोग्य शिबिरं घेणारे कार्यकर्तेही हेच म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यामागे गरिबांविषयी खरी कळकळ असते. मुलीच्या तोंडाकडे बघून आईला काही वाटलंच, तर आजूबाजूचे चारजण तिला गप्प करतात.

या म्हणण्यात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. वाकडे दात हा नुसता दिसण्याचा प्रश्न आहे, ही एक. त्यावरचा उपचार आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, ही दुसरी. आणि जिथं साप चावलेल्या माणसाला डोलीतून उतरवावं लागतं तिथं दातांचं काय घेऊन बसलात, ही तिसरी. तिसरीत वजन आहे, तिच्याकडे शेवटी येतो. पहिल्या दोन चुकीच्या आहेत. त्या चुकीच्या असून भागलं असतं, पण त्यांच्यामुळे मुलांच्या तोंडात असं नुकसान होऊन बसतं की जे पुढे पैसा आला तरी पुरतं भरून निघत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात अशा मुलापासून करू, ज्याच्यासमोर हौस हा शब्द काढायला कुणाचीही जीभ रेटणार नाही. दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेलं मूल. आपल्याकडे अजून अशा बाळाला ग्रहण लागलं म्हणतात आणि आईला दोष देतात. तरी सुदैवानं आता बाळ लपवून ठेवण्याचं प्रमाण कमी झालंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या शेजारच्या, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरहून सुरू झाला. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. ज्या दोष-आजारांसाठी मुलं तपासली जातात त्यांत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. शस्त्रक्रिया मोफत होते. ओठ पहिल्या काही महिन्यांत शिवतात, टाळू वर्षभराच्या सुमारास. घरचे सुटकेचा श्वास सोडतात: ओठ शिवला, काम झालं.

काम तिथं अर्धंच झालेलं असतं. टाळूवरचा शिवणीचा व्रण वाढत्या वयात जबड्याला मोकळं वाढू देत नाही. वरचा जबडा अरुंद आणि मागे राहतो, खालचे दात त्याच्या बाहेरून बसू लागतात, आणि जिथं हाडात फट आहे तिथले दात कुठंही, कसेही उगवतात. साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, वरचा कायमचा सुळा यायच्या आत, त्या फटीत कमरेचं हाड घेऊन भरतात. त्याआधी बऱ्याच मुलांचा जबडा रुंद करून घ्यावा लागतो, आणि तो करतात टाळूवर बसवलेल्या स्क्रूच्या पट्टीनं. म्हणजे ज्याला आपण “तारा” म्हणून उडवून लावतो ते शास्त्र या मुलाच्या बाबतीत शस्त्रक्रियेइतकंच गरजेचं आहे. ते वगळलं तर सर्जननं केलेलं कामही अपुरं पडतं. बाळपणी ओठ शिवून मिळाला आणि नवव्या वर्षी कुणी पुन्हा बोलावलंच नाही, असं मूल बारा-तेरा वर्षांचं होतं तेव्हा त्याला घास धड तोडता येत नाही. बोलणं नाकातून येतं त्याला टाळूची हालचाल कारण असते, पण दातांच्या फटींतून निसटणारे उच्चार त्यात भर घालतात. वर्गात ते मूल हात वर करायचं सोडून देतं. याला कुणी दिसण्याचा प्रश्न म्हणणार असेल तर त्यानं त्या मुलाशेजारी बसून एक दुपारचं जेवण जेवावं.

आता अशी मुलं थोडी, हे खरं. पुढे आलेल्या दातांची मुलं थोडी नाहीत. शाळेत त्यांना “फावड्या” म्हणतात आणि हे नाव दहावीपर्यंत चिकटतं. चिडवण्याचा भाग तूर्त बाजूला ठेवतो, कारण तो काढला की समोरचा लगेच म्हणतो, बघा, शेवटी दिसण्यावरच आलात. पडण्याचं बोलू. वरचे पटाशीचे दात खालच्यांपेक्षा बरेच पुढे असले की ओठ मिटत नाही. ओठाचं कवच नसलेला दात पडल्यावर पहिला मार खातो. आमच्याकडे पोरं पावसाळ्यात शेवाळलेल्या बांधावरून शाळेत जातात, दुचाकीवर तिघं-तिघं बसतात, विहिरीच्या कठड्यावरून उड्या घेतात. नवव्या-दहाव्या वर्षी तुटलेला पुढचा दात त्या मुलाला जन्मभर पुरतो: आधी मुळाचा उपचार, मग टोपी, मग कधीतरी काढून टाकणं, मग कवळी किंवा ब्रिज.

पुढे आलेल्या दातांसाठी जगभर वापरलं जाणारं ट्विन ब्लॉक नावाचं उपकरण जन्मालाच आलं ते अशा एका पडण्यातून. स्कॉटलंडमध्ये १९७७ साली एक लहान मुलगा पडला आणि त्याचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. तो परत बसवला, पण खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकत असल्यामुळे दात स्थिर राहीना. डॉ. विल्यम क्लार्क यांनी त्याच्यासाठी दोन सुट्या प्लेट तयार केल्या, एक वर आणि एक खाली. दोन्हींवर दाढांच्या जागी ॲक्रिलिकचे तिरपे ठोकळे. तोंड मिटताना हे उतार एकमेकांवर घासतात आणि खालचा जबडा पुढे सरकूनच मिटतो. मूल ते घालून जेवतं, बोलतं, झोपतं. वाढीच्या वयात नऊ-दहा महिने, वर्षभर हे नेमानं घातलं की वरचे-खालचे दात जवळ येतात आणि ओठ आपोआप मिटू लागतो. यात दातांवर चिकटवलेली ब्रॅकेट नाहीत, दर महिन्याला बदलायची वायर नाही. दातांचं माप घेणारा दंतवैद्य, ते बनवणारी प्रयोगशाळा आणि मुलावर लक्ष ठेवणारी आई एवढ्यावर हे चालतं.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी. पुढचे दात लहानपणीच मागे घेतले तर त्यांना इजा होण्याचा धोका कमी होतो, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. पण बाकी परिणामांच्या दृष्टीनं पाहिलं तर सात-आठ वर्षांच्या मुलाला घाईनं उपकरण लावून आणि किशोरवयात लावून फारसा फरक पडत नाही. म्हणजे प्रत्येक दुसरीतल्या मुलाच्या तोंडात काहीतरी बसवा, असं माझं म्हणणं नाही. जो दवाखाना तसं सांगतो त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. कुणाला, काय आणि कोणत्या वयात, एवढाच प्रश्न आहे. आणि या तिन्हींतलं वय आपण सर्रास घालवतो.

ते कसं घालवतो हे बघायचं तर सुळ्याची गोष्ट ऐका. वरचा कायमचा सुळा हा तोंडातला सर्वांत लांब प्रवास करणारा दात. तो डोळ्याखालच्या हाडात उंच जागी तयार होतो आणि साधारण अकरा-बारा वर्षांच्या वयात खाली उतरतो. काही मुलांत तो वाट चुकतो आणि टाळूकडे आडवा होतो. वर्षानुवर्षं कुणालाच पत्ता लागत नाही, कारण दुधाचा सुळा आपल्या जागी घट्ट बसलेला असतो आणि सगळं ठीक दिसतं. पण हे ओळखायला यंत्र लागत नाही. मूल दहा वर्षांचं झालं की त्याचा ओठ वर उचलायचा, धुतलेल्या हाताचं बोट दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडी जिथं ओठाला वळते त्या खोबणीत ठेवायचं, आणि मागेपुढे फिरवायचं. उतरणारा सुळा हाडाखाली टणक उंचवट्यासारखा लागतो. मग तसंच दुसऱ्या बाजूला. एका बाजूला लागला आणि दुसरीकडे लागलाच नाही, तर त्या मुलाचा एक्स-रे काढायचा. झालं. ही तपासणी करायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आणि सापडला चुकलेला सुळा, तर पहिला उपाय काय? बहुतेकदा दुधाचा सुळा काढून टाकणं. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि कुरोल या दोघांनी १९८८ साली याचे निष्कर्ष छापले. टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ सुळे दुधाचा दात वेळेत काढल्यावर आपल्या वाटेला लागले. त्यासाठी एक इंजेक्शन आणि एक दुधाचा दात, एवढंच लागलं. आता हेच मूल सोळाव्या वर्षी आलं तर? टाळू उघडून सुळा शोधायचा, त्यावर ब्रॅकेट आणि साखळी चिकटवायची, सगळ्या दातांना तारा लावायच्या आणि वर्ष-दीड वर्ष तो ओढत खाली आणायचा. तोपर्यंत त्यानं शेजारच्या दाताचं मूळ खाल्लेलं असेल तर तो दातही जाणार. तीच व्याधी, तेच मूल. एका वयात काही शे रुपयांत मिटणारं काम दुसऱ्या वयात हजारोंवर जातं. आणि मग आपण म्हणतो, हे आपल्या ऐपतीचं नाही.

कर्जत भाताचा तालुका आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेल्या भाताच्या जाती कोकणभर लावल्या जातात. आवणातलं रोप वयात असताना लावणी झाली नाही तर पुढे कितीही खत घाला, फुटवा यायचा तेवढा येत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. जबड्याच्या हाडालाही असाच हंगाम असतो. टाळूच्या मध्यावरचा सांधा लहानपणी खुला असतो. अरुंद जबड्याच्या मुलाला स्क्रूची पट्टी बसवली की आई रोज रात्री बारीक किल्लीनं स्क्रू एक पाव फेरा फिरवते. एका पाव फेऱ्यात पट्टी मिलिमीटरच्या सुमारे पाव भागानं उघडते आणि दोन-तीन आठवड्यांत पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागते. ती फट पाहून घरचे घाबरतात, पण सांधा उघडल्याची ती खूण असते आणि पुढे ती आपोआप भरते. विशीत तोच सांधा जुळून घट्ट झालेला असतो. तेव्हा तीच पट्टी पुरत नाही. हाडात पिन घालाव्या लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि आमच्याकडे दातांचा विचार सुरू होतो तो नेमका विशीत, मुलीच्या लग्नाचं बघू लागल्यावर. बाविसाव्या वर्षी मुलीला दवाखान्यात आणायचं आणि “सहा महिन्यांत करून द्या, फोटो काढायचेत” असं सांगायचं. त्या मुलीच्या तोंडात जे अकराव्या वर्षी प्लेटवर भागलं असतं त्यासाठी आता निरोगी दाढा काढून दोन वर्षं तारा घालाव्या लागतात. ज्यांनी दहा वर्षं तिला सांगितलं की दातांचं कसलं कौतुक, तेच लोक आता खर्चाला तयार होतात. दात खाण्यासाठी आहेत तोपर्यंत हौस, आणि स्थळासाठी झाले की गरज, हा हिशोब मला मान्य नाही. मुलाच्या दातांकडे तर त्या निमित्तानंही कुणी बघत नाही.

दुधाच्या दातांविषयीचं आपलं मत असंच महागात पडतं. “दुधाचे आहेत, पडणारच आहेत.” वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून पाच रुपयांचं बिस्किट आणि गोळ्या पोरांच्या हातात येतात, दाढा किडतात, दुखल्या की काढल्या जातात. सहाव्या वर्षी मागे आलेली पहिली कायमची दाढ तेव्हा मोकळ्या जागेकडे सरकू लागते. चार वर्षांनी ज्या दाताला तिथं उगवायचं आहे त्याची जागा संपते. तो मग आत अडकतो किंवा आडवळणानं बाहेर येतो. त्याला उत्तर एक साधं उपकरण आहे: मागच्या दाढेभोवती स्टीलची पट्टी आणि तिच्यापासून पुढच्या दातापर्यंत गेलेला तारेचा फास. दंतवैद्य त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. एकदा चिकटवलं की नवा दात येईपर्यंत ते जागा राखतं. सहा महिन्यांनी बघितलं तरी चालतं. ज्याला अशी उपकरणं परवडत नाहीत त्याला पुढच्या तारा तर मुळीच परवडणार नाहीत, म्हणून गरिबाच्या मुलाला ही आधी हवीत.

तारा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात त्या ब्रॅकेट-वायरविषयीही खुलाशानं बोलू, कारण त्यांच्याभोवती भीती फार आहे. तारा लावल्या की दात सैल होतात आणि लवकर पडतात, असं म्हणतात. दात हाडात रुतवलेला खिळा नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. वायर हलका, सतत जोर देते. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर स्वतः विरघळवतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. त्या काळात तो किंचित हलतो हे खरं, पण काम थांबल्यावर पुन्हा घट्ट बसतो. वरचा दात काढला की नजर जाते, ही तर मूळ नसलेली भीती. दृष्टीची नस वेगळी आणि दातांची वेगळी. खरे धोके निराळे आहेत आणि ते झाकू नयेत. ब्रश नीट केला नाही तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात आणि कीड लागते. काहींची मुळं थोडी आखूड होतात. तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घातला नाही तर दात जुन्या जागेकडे परत निघतात, आणि दोन वर्षांचे पैसे पाण्यात जातात. म्हणून ज्याच्या तोंडात चार दाढा किडलेल्या आहेत त्याला आधी त्या भरून घेतल्याशिवाय तारा लावूच नयेत. वाकड्या दातांना कीड लागतेच, सरळ केल्यानं हिरड्या सुधारतातच, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याचंही खरं मानू नका. सगळेच वाकडे दात उपचार मागत नाहीत. किंचित वळलेला एखादा दात घेऊन माणूस उत्तम जगतो आणि त्याला कुणी लाजवू नये.

मग उपचार कोणाला द्यायचा, याचं माप जगानं काढलेलं आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून अठरा वर्षांखालच्या मुलांना हा उपचार मोफत मिळतो, पण मागेल त्याला नाही. गरजेच्या पाच पायऱ्या ठरवलेल्या आहेत. पाचव्या पायरीवर दुभंगलेला टाळू, हाडात अडकलेले दात, ९ मिलिमीटरपेक्षा पुढे आलेले दात. चौथीवर ६ ते ९ मिलिमीटर पुढे असलेले आणि जबडा एका बाजूला ओढणारा उलटा चावा, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या बाहेरून बसणं. पहिल्या-दुसऱ्या पायरीवाल्यांना सरकारी पैशानं तारा मिळत नाहीत. हौस आणि गरज यांच्यामध्ये रेघ ओढता येते, आणि ती एका छोट्या पट्टीनं मोजून ओढता येते. आपण मात्र रेघ न ओढताच सगळ्यांना हौशीत टाकून मोकळे झालो.

खर्चाचा मुद्दा अजून संपलेला नाही, कारण कर्जत-खालापूरमधला खरा खर्च पावतीवर येतच नाही. खासगीत धातूच्या तारांना तीस-चाळीस हजारांपासून पुढे पडतात. पण दात सरळ करणारे तज्ज्ञ आमच्याकडे बहुधा महिन्यातून एक-दोन ठरलेल्या दिवशी येतात, कुणाच्या तरी दवाखान्यात बसतात आणि संध्याकाळच्या लोकलनं परत जातात. वायर टोचू लागली, ब्रॅकेट निघालं, तर पुढच्या तारखेपर्यंत मेणाचा गोळा लावून बसायचं. कमी पैशांत करायचं तर दंत महाविद्यालयं आहेत: सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नाहीतर नवी मुंबईतली खासगी महाविद्यालयं. तिथं पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि ते चांगले करतात. पण खांडसच्या आईला आधी कशेळेमार्गे कर्जत गाठायचं, मग लोकलचे दोन तास, मग ओपीडीची रांग, आणि तसंच परत. नेरूळला जायचं तर ठाण्यापर्यंत वर जाऊन ट्रान्स-हार्बरनं खाली उतरायचं. खोपोलीची बाई लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत आधी कर्जतला येणार. पूर्ण दिवस गेला. उपचार दोन वर्षांचा, खेप महिन्याला, म्हणजे चोवीस दिवस. रोजगार हमीचा दर तीनशेच्या घरात धरला तरी सात हजारांहून अधिक मजुरी बुडाली, तिकिटं आणि वडापाव वेगळे, मुलाची चोवीस दिवस शाळा वेगळी. तिनं चौथ्या महिन्यात जायचं सोडलं की दवाखान्यातले म्हणतात, या लोकांना गांभीर्य नसतं. हा आरोप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अन्यायाचा आहे. ज्या उपचाराची रचना गर्दीच्या शहरातल्या मुलासाठी झाली, तो शंभर किलोमीटर लांबच्या वाडीवर जसाच्या तसा चालत नाही म्हणून वाडी नालायक ठरत नाही.

कातकरी मुलांचं तर पूर्ण वेळापत्रकच वेगळं. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परततं. अशा मुलाला ब्रॅकेट चिकटवून देणं म्हणजे त्याच्या दातांवर संकट आणणं आहे. सहा महिने वायर कुणी बघणार नाही, ब्रश होईलच याची खात्री नाही. त्याच्यासाठी मी ब्रॅकेट मागत नाही. वेळेवर काढलेला दुधाचा सुळा, राखलेली जागा, भरलेली दाढ, हे सगळं जून ते दिवाळीच्या आत होऊ शकतं आणि भट्टीवर त्याला कुणी हात लावायची गरज पडत नाही.

या भागात आता दुसरीही हाक ऐकू येऊ लागली आहे, आणि ती पहिलीपेक्षा धोक्याची आहे. मोबाइलवर जाहिरात येते: घरबसल्या माप घ्या, पारदर्शक ॲलाइनर कुरिअरनं येतील, कुणाला कळणारही नाही, हप्त्यांची सोय आहे. खोपोलीच्या, रसायनीच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली तरुण मुलं याकडे वळताना दिसतात. ॲलाइनर हे तंत्र खोटं नाही. तज्ज्ञानं एक्स-रे पाहून, दर काही आठवड्यांनी तपासून दिलं, आणि माणसानं दिवसाचे वीस-बावीस तास घातलं, तर मोठ्या माणसांत ते छान काम करतं. पण एक्स-रे न बघता, हिरडी न तपासता, टपालानं दात हलवणं हा उपचार होत नाही. अमेरिकेत याच पद्धतीवर वाढलेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यात असलेल्या ग्राहकांना आपापलं बघा असं झालं. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या दोन दातांतली फट बुजवायला रबर बँड अडकवण्याचे व्हिडिओ. दात मुळाकडे निमुळता असतो. रबर हळूहळू हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं, मुळापर्यंत जाऊन भोवतालचं हाड खातं, आणि दोन्ही चांगले दात हातात येतात. ज्या आईबापांनी “खूळ” म्हणून मुलाला दवाखान्यापासून लांब ठेवलं, त्यांचीच मुलं गुपचूप हे करून बसतात. गरज नाकारल्यानं ती नाहीशी होत नाही, ती चुकीच्या हातात जाते.

अजून एक युक्तिवाद जुनी माणसं करतात: आमच्या आजोबांना कुठं तारा होत्या, भाकरी आणि ऊस खाऊन दात सरळच होते. यात तथ्याचा अंश आहे. कठीण अन्न चावणाऱ्या जुन्या मानवसमूहांच्या कवट्यांत दातांची दाटी कमी दिसते आणि मऊ खाण्यानं जबडे आक्रसल्याचं अभ्यासक मानतात. मुलांना भाकरी, शेंगा, ऊस जरूर द्यावा. पण उलटा चावा बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला ऊस खायला घालून तिचा जबडा सरळ होत नाही. आणि आजोबांची आठवण काढताना त्यांच्या साठीतल्या तोंडात किती दात उरले होते हेही आठवावं.

आता तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. आधी कुपोषण, आधी बाळंतपण, आधी सर्पदंशावरचं औषध. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा रात्री पावसात चढून जाणारी माणसं आम्ही पाहिली. ज्या तालुक्यात वाडीला रस्ता नाही तिथं दातांचं बोलताना माझीही जीभ अडखळते. पण ज्या गोष्टींसाठी मी भांडतो आहे त्यांना यातलं काहीच मागे सारावं लागत नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वाडीवर येतेच. तिच्यात दोन डॉक्टर असतात. ते मुलाची उंची, वजन, डोळे, हृदय बघतात, त्याचं तोंडही उघडतात. दहाव्या वर्षी सुळ्यावर बोट फिरवायला आणि पुढच्या दातांवर पट्टी धरायला त्यांना वेगळी फेरी मारावी लागत नाही. आदिवासी आश्रमशाळा पेणच्या प्रकल्प कार्यालयाखाली आहेत. तिथली मुलं एका छपराखाली राहतात, म्हणजे आईचे चोवीस दिवस बुडत नाहीत आणि भट्टीमुळे उपचार तुटत नाही. प्लेट घातली की नाही हे बघायला अधीक्षक आहे. महिन्यातून एका शनिवारी दंत महाविद्यालयाची गाडी एका आश्रमशाळेवर गेली तर ट्विन ब्लॉक, स्क्रूची पट्टी, स्पेस मेंटेनर ही सगळी कामं तिथं होऊ शकतात. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेतच, आणि रुग्ण इथं आहेत.

शस्त्रक्रिया झालेल्या दुभंगाच्या प्रत्येक मुलाचं नाव अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या वहीत लिहिलेलं असायला हवं. त्या नावापुढे सातव्या आणि नवव्या वर्षाची तारीख आजच टाकून ठेवता येते, म्हणजे बोलावणं कुणाच्या आठवणीवर राहणार नाही. चौक आणि कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयांत, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जिथं दंतवैद्याची खुर्ची असेल तिथं दुधाचा सुळा काढणं आणि जागा राखणं ही कामं दात उपटण्याच्या यादीबरोबरच लावावीत. मोठ्या तारांची गरज असलेली चौथ्या-पाचव्या पायरीवरची मुलं निवडून त्यांचाच भार मुंबईच्या शासकीय महाविद्यालयानं घ्यावा, आणि त्यांच्या खेपांचं भाडं आरोग्य खात्यानं द्यावं.

आश्रमशाळा जूनमध्ये उघडतात. मुलं गावी असतात, भट्ट्या बंद असतात, तपासणीला याहून चांगला काळ नाही. येत्या जूनपासून शालेय तपासणीच्या कार्डावर दोन रकाने वाढवा: सुळा लागतो का, आणि पुढचे दात किती मिलिमीटर पुढे आहेत. ज्यांना अजूनही हे खूळ वाटतं त्यांनी पहिल्या वर्षाची ती कार्डं भरून आल्यावर माझ्याशी वाद घालावा.